देशोदेशीचे बंदूक कायदे ताडून पाहायचे कसे

मी अंबाजोगाईत वकिली करते आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या लेकरांना कायदा शिकवते. 2024 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला, तेव्हापासून वर्गात तीच तीन वाक्यं ऐकू येतात. अमेरिकेत कुणालाही बंदूक मिळते, जपानात कुणालाच मिळत नाही आणि स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक असून सगळं शांत आहे. तिन्ही अर्धीच खरी आहेत. अशी वाक्यं तपासायची जी पद्धत मी मुलांना लावली, ती इथे लिहिते.

एक मोठा कागद आडवा धरा. डावीकडे देशांची नावं, वर प्रश्न. ‘कायदा कडक आहे का’ हा प्रश्न मात्र लिहू नका, त्यावर नुसती भांडणं होतात. पहिला रकाना असा करा: कारण कुणी द्यायचं? बंदूक का हवी हे नागरिकानं पटवून द्यायचं, की का देत नाही हे सरकारनं सांगायचं? माझ्या मते सगळ्या तुलनेचा कणा हाच आहे.

सुरुवात आपल्याच 1959 च्या शस्त्र अधिनियमापासून करा. कलम 13 आणि 14 शेजारी ठेवून सावकाश वाचा. पिस्तूल हवं असेल तर अर्जदाराकडे सबळ कारण आहे, याची परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. पण संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक, किंवा पीक राखायला ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक मागितली, तर कायद्याची भाषा बदलते. नकाराला कलम 14 मधलं कारण नसेल तर परवाना द्यायचा, असा तिचा रोख आहे. म्हणजे एकाच कायद्यात ओझं कधी अर्जदारावर, कधी सरकारवर. कलम 14 मधलं आणखी एक वाक्य मी मुलांकडून मोठ्यानं वाचून घेते: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार दिला तर त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि नकाराविरुद्ध अपील करता येतं. केज-धारूरकडचे शेतकरी रानडुकरांनी वैतागून माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, पण तो मिळाला म्हणून डुकराला गोळी घालता येत नाही. त्याला वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. परदेशातला कायदा वाचतानाही हे लक्षात असू द्या: बाळगणं, सोबत घेऊन फिरणं आणि चालवणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेसाठी एक ओळ पुरणार नाही, निदान तीन ठेवा. वरची ओळ संविधानाची. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणारी 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती, त्यावरचा 2008 चा हेलर निकाल आणि 2022 चा ब्रुएन निकाल. हेलरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला. ब्रुएनमध्ये न्यूयॉर्कची अट रद्द झाली. घराबाहेर पिस्तूल सोबत घेऊन फिरायचं तर खास गरज दाखवा, अशी ती अट होती. कारण कुणी द्यायचं याचं उत्तर तिथे इतकं उलटं आहे. दुसरी ओळ संघराज्याच्या कायद्याची. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते आणि तो 21 वर्षांखालच्याला पिस्तूल विकू शकत नाही. दोन खासगी माणसांतल्या विक्रीला मात्र संघराज्याचा कायदा अशी तपासणी सक्तीची करत नाही. तिसरी ओळ राज्यांची. काही राज्यं ही फट स्वतः बुजवतात. कॅलिफोर्नियात खरेदीनंतर 10 दिवस थांबावं लागतं. म्हणून नुसतं ‘अमेरिकेत’ असं सुरू होणारं वाक्य आलं की आधी विचारा, कोणत्या राज्यात?

ऑस्ट्रेलियाचं उत्तर अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली, त्यानंतर सगळ्या राज्यांनी एक राष्ट्रीय करार केला. त्या करारात स्वसंरक्षण हे बंदूक मागायचं कारणच धरत नाहीत. सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी डनब्लेनच्या शाळेत लेकरं मारली गेली आणि 1997 मध्ये पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. उत्तर आयर्लंडचा कायदा मात्र वेगळा आहे, तो त्यात मिसळू नका. न्यूझीलंडनं 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर झालेल्या हल्ल्यानंतर महिन्याभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते अशा, बंदुकांवर बंदी आणली.

दुसरा रकाना हत्याराच्या प्रकाराचा, आणि ‘जपानात कुणालाच नाही’ हे वाक्य तिथे पडतं. पिस्तूल सामान्य माणसाला नाहीच. पण लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांची चौकशी इतकं पार केलं तर शॉटगन, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक, मिळते. रायफल हवी असेल तर साधारणपणे आधी दहा वर्षं शॉटगन बाळगलेली असावी लागते. 2022 मध्ये तिथले माजी पंतप्रधान शिंजो आबे यांच्यावर घरी बनवलेल्या बंदुकीतून गोळ्या झाडल्या गेल्या. तो दाखला देऊन परवान्याचा कायदा फसला म्हणणाऱ्याला हाच रकाना दाखवा. ती बंदूक परवान्याच्या वाटेनं आलीच नव्हती. आपल्याकडच्या गावठी कट्ट्यालाही हेच लागू पडतं.

स्वित्झर्लंडमध्ये सैन्याची सेवा करणारा नागरिक आपलं शस्त्र घरी ठेवू शकतो, हे खरं. पण खासगी पिस्तूल घ्यायचं तर परवानगी काढावी लागते. 2019 मध्ये तिथल्या मतदारांनी युरोपशी जुळणारे आणखी कडक नियम सुमारे 64 टक्के मतांनी मान्य केले.

माणशी बंदुका किती, हा आकडा या कागदावर घेऊ नका. जगभरच्या बंदुकांचा अंदाज काढणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या 2017 च्या अंदाजानं अमेरिकेत दर 100 माणसांमागे 120 बंदुका येतात, जपानात एकही पुरी येत नाही. हा आकडा घरात काय आहे ते सांगतो, कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते नाही. त्यासाठी वेगळा कागद करा.

शेवटचा रकाना तारखेचा. प्रत्येक चौकटीत कायद्याची शेवटची दुरुस्ती कधीची, ते लिहा. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि लग्नात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या गाइडमध्ये अजून तीन शस्त्रंच छापलेली असतात. भारताची चौकट भरताना ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर उघडा आणि कलमाखालच्या बारीक टिपा वाचा. कोणता शब्द कोणत्या वर्षी बदलला, ते तिथेच लिहिलेलं असतं.