फोटोवरून लिहायला कसं शिकवावं?

सहावीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा निबंध देऊन बघा. 32 वह्या तपासून झाल्या की लक्षात येतं, सगळ्यांची आई एकच आहे. ती पहाटे लवकर उठते, खूप प्रेमळ आहे, सगळ्यांची काळजी घेते आणि शेवटी ‘अशी माझी आई मला खूप खूप आवडते’. मुलांना आईबद्दल सांगायचं नसतं असं नाही. पण लिहायला बसली की गाईडातला निबंध आधी आठवतो, घरातली आई मागे राहते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आईचा फोटो काढून आणला. त्यात चेहरा नव्हता, परातीत भाकरी थापणारे हात होते फक्त. तिनं लिहिलं, ‘आईच्या उजव्या हातात तीनच बांगड्या आहेत. चौथी परवा कापूस वेचताना फुटली. अंगठ्यावर पीठ सुकलं आहे. भाकरी थापताना ती बोलत नाही, नुसता बांगड्यांचा आवाज येतो.’ याच मुलीनं चाचणीत ‘माझी आई प्रेमळ आहे’ हे वाक्य दोनदा लिहिलं होतं. तेव्हापासून मी लेखनाची सुरुवात फोटोनं करते.

ही पद्धत नवी नाही. वेंडी इवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी 1975 पासून केंटकी राज्यातल्या डोंगराळ, कोळसाखाणींच्या भागातल्या मुलांच्या हाती कॅमेरे दिले. घर, माणसं, अगदी स्वप्नंसुद्धा मुलांनीच टिपायची आणि त्याबद्दल मुलांनीच लिहायचं. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम शहरात, ड्यूक विद्यापीठाच्या साथीनं, हे काम सरकारी शाळांच्या वर्गांत पोहोचलं. त्या गुजरातमधल्या एका खेड्यातही मुलांबरोबर राहून काम करून गेल्या. आपल्याला त्यासाठी कॅमेरे विकत घ्यायची गरज नाही. शिक्षकाचा एक मोबाईल आणि गावातलं झेरॉक्सचं दुकान एवढ्यावर भागतं. एका ए-फोर कागदावर चार फोटो, तेही काळे-पांढरे चालतात.

आधी फोटो वाचायला शिकवा

पहिल्या तासाला कॅमेरा काढूच नका. वर्तमानपत्रातला किंवा तुम्ही स्वतः काढलेला, माणसं आणि वस्तू दोन्ही असलेला एक फोटो घ्या. आठवडी बाजार, एसटी स्टँड, काहीही चालेल. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं.

मग तीन प्रश्न. इथे काय चाललंय? हे तू कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतं? अमेरिकेत फिलिप येनावाइन आणि ॲबिगेल हाउसेन यांनी चित्रं बघायला शिकवण्यासाठी जी पद्धत घडवली, तिचा कणा हेच तीन प्रश्न आहेत. माझ्या मते त्यातला ‘कशावरून?’ हा एकटा प्रश्न निम्मं लेखन शिकवतो. आमच्या वर्गात झालेलं हे बोलणं बघा:

‘आजी दुःखी आहे.’
‘कशावरून?’
‘ती खाली बघतेय.’
‘खाली बघणारा माणूस दुःखीच असतो का?’
‘नाही... पण तिची टोपली अजून भरलेली आहे आणि बाजार उठायला आलाय.’
‘बाजार उठायला आलाय, हे कशावरून?’
‘मागचा माणूस ताडपत्री गुंडाळतोय. सावल्या लांब पडल्यात.’

झाला की परिच्छेद! फळ्यावर दोन रकाने करा, ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’. ‘वाटतं’मधल्या प्रत्येक वाक्याला ‘दिसतं’मधलं एक तरी वाक्य जोडता आलंच पाहिजे, एवढा एकच नियम ठेवा. हा तास घाईनं उरकू नका. या दिवशी वहीत एक ओळ लिहिली गेली नाही तरी चालेल.

लग्नपत्रिकेची चौकट

जुन्या लग्नपत्रिकेच्या मधोमध काडेपेटीएवढी खिडकी कापा आणि मुलांना मैदानात न्या. एकच कडुनिंब एकदा डोळ्याजवळ धरलेल्या चौकटीतून बघायचा, एकदा हात लांब करून. चौकटीत काय आलं आणि कडेला काय कापलं गेलं, ते सांगायचं. निबंधात काय घ्यावं आणि काय सोडावं, हे मुलांना तासभर समजावूनही कळत नाही. इथे पाच मिनिटांत कळतं.

फोटो काढताना

चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येकाला तीनच फोटो द्या. मोजून मिळाले की मुलं विचार करून काढतात. विषय लहान ठेवा. ‘माझं घर’ नको, ‘घरात रोज वापरली जाणारी एक वस्तू’ किंवा ‘कामात असलेले हात’ द्या. उजेड आपल्या पाठीमागे घ्यायचा आणि दोन पावलं जवळ जायचं, तंत्र म्हणून एवढं पुरे. ज्याच्या घरी फोन नाही त्याला शाळेचा फोन मिळेल किंवा तो घरातला जुना फोटो आणेल. त्याला कमीपणा वाटणार नाही हे आपण बघायचं.

माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढायचा आणि पालकांची लेखी संमती आधी घ्यायची. फोटो वर्गाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मी एकदा कौतुकानं एका मुलीचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यात छताला लावलेलं बारदान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. ती चूक माझी होती आणि मी ती पुन्हा केलेली नाही.

बोलणं, मग लिहिणं

तीनांतला एक फोटो निवडून मुलानं शेजाऱ्याला सांगायचा. शेजाऱ्यानं तीन प्रश्न विचारायचे. तेच लेखनाचे मुद्दे. बोलताना घरची बोली येऊ द्या. मूल ‘कवेलू’ म्हणालं तर त्याचं ‘कौल’ करू नका. तो शब्द त्याच्या छतावर आहे.

मग पहिला खर्डा, दहा मिनिटांत. पहिलं वाक्य फोटोत दिसणाऱ्या वस्तूपासूनच सुरू झालं पाहिजे. ‘खूप’, ‘छान’ आणि ‘सुंदर’ या तीन शब्दांना या खर्ड्यापुरती बंदी. दुसऱ्या परिच्छेदात फोटो काढण्याच्या जरा आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, ते यावं. तिसऱ्यात चौकटीबाहेर काय राहिलं, ते.

दुसरी-तिसरीच्या मुलांना वस्तूंची नावं आणि फोटोखाली एक ओळ पुरते. नववी-दहावीला एकाच फोटोवरून दोन प्रकारचं लेखन द्या. बंद पडलेल्या हातपंपाचा फोटो असेल तर त्यावरून एक बातमी आणि ग्रामपंचायतीला एक पत्र. उपयोजित लेखनाचा सरावही होतो आणि पत्र खरोखर पाठवताही येतं.

तपासायचं कसं

लाल पेन शेवटी. आधी ही परीक्षा घ्या. पाच-सहा फोटो टेबलावर मांडा आणि मुलाचं लेखन त्याचा फोटो न दाखवता दुसऱ्या गटाला वाचून दाखवा. त्यांनी फोटो ओळखायचा. ओळखता आला नाही, तर लेखकानं फोटोकडे परत जाऊन बघायचं आणि पुन्हा लिहायचं. आमच्याकडे एकदा सायकलचेच तीन फोटो आले. ‘माझ्या बाबांची सायकल जुनी आहे’ यावर गट अडला, कारण तिन्ही सायकली जुन्या होत्या. मुलगा फोटो घेऊन खिडकीशी गेला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि एक ओळ वाढवून आला: ‘सीटला दुधाची पिशवी बांधली आहे, तिची गाठ बाबा दातानं सोडतात.’ पिशवी दिसताच गटानं बरोबर फोटो उचलला. त्यानंतर त्या मुलाची वही मी घेतली आणि ऱ्हस्व-दीर्घ बघितलं.