बरोबरीवर पैसे लावायचे, तर आधी भाव वाचायला शिका

फुटबॉलच्या सामन्यावर तीन भाव निघतात: यजमान, बरोबरी, पाहुणे. मी बरीच वर्षं भाव काढणाऱ्यांच्या बाजूला बसले, आणि मधल्या रकान्यात पैसे सगळ्यात कमी येताना पाहिले. चाहता आपल्या संघावर लावतो, नाहीतर रागाने समोरच्यावर. नव्वद मिनिटं 'कोणीच जिंकू नये' म्हणून देव पाण्यात ठेवणारा माणूस विरळा. यावरून काही जण ठरवून टाकतात की बरोबरीचा भाव कायम लावणाऱ्याच्या फायद्याचा असतो. तसं काही नाही. त्या रकान्यात गर्दी कमी होती म्हणून आमचं गणित ढिलं नव्हतं.

भाचा अजूनही विचारतो, "मावशी, आज कुठली मॅच ड्रॉ होईल?" मी त्याला उलट विचारते, "भाव किती आहे?" मला सांगायचंय ते एवढ्यात आलं. बरोबरी ओळखता येत नाही, तिची शक्यता काढता येते. आणि ती शक्यता भावाशी ताडून पाहिल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. जिथे पैज लावायला कायद्याची परवानगी नाही, किंवा तुमचं वय त्यात बसत नाही, तिथे हे सगळं वहीवर करा. गणित तेच राहतं, आणि मजाही फारशी कमी होत नाही.

आधी भाव उलगडू. समजा यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०, म्हणजे एक एकक लावून जिंकलात तर मूळ रकमेसकट तेवढी एककं परत. १०० ला प्रत्येक भावाने भागा: ४७.६, २९.४, २७.८. बेरीज १०४.८ येते. निकाल तीनच, म्हणजे शक्यतांची बेरीज १०० व्हायला हवी. वरचे ४.८ ही बुकीची कमाई. बरोबरीचा खरा अंदाज हवा असेल तर २९.४ ला १०४.८ ने भागा. साधारण २८ टक्के मिळतील. आता असेच १०० सामने धरा, प्रत्येकावर एक एकक लावा. २८ वेळा ३.४० परत आले, म्हणजे ९५.२. तुम्ही दिले होते १००. बुकीच्या अंदाजाशी तुमचा अंदाज जुळत असेल तर दर शंभरामागे जवळजवळ पाच एककं तुम्ही हसतहसत देऊन येता.

म्हणून स्वतःचा अंदाज हवा, आणि तो भाव बघण्याआधी काढलेला हवा. भाव आधी पाहिला की डोकं आपोआप त्याच्या आसपास उत्तर शोधतं. आमच्याकडे नव्या मुलांना भाव झाकूनच गणित करायला लावायचे, आणि ती शिस्त मी अजून सोडलेली नाही.

गणितासाठी लागतात दोन आकडे: या सामन्यात यजमान सरासरी किती गोल करतील आणि पाहुणे किती. समजा लीगमध्ये यजमान संघ सरासरी १.५ गोल करतात आणि पाहुणे १.२. आपला यजमान संघ घरी १.२ च करतो, म्हणजे सरासरीच्या ०.८ पट. पाहुणा संघ बाहेर खेळताना १.५ ऐवजी १.२ गोल खातो, म्हणजे पुन्हा ०.८ पट. १.५ × ०.८ × ०.८ = ०.९६. हा यजमानांचा अपेक्षित आकडा. पाहुण्यांचा हल्ला ०.९ पट आणि यजमानांचा बचावही ०.९ पट धरला तर १.२ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.९७. हे आकडे निदान एका पूर्ण हंगामाचे घ्या. गेल्या पाच सामन्यांवरून काढलेली सरासरी म्हणजे निव्वळ गोंगाट.

पुढचं काम पॉइसनच्या सूत्राचं, म्हणजे सरासरीवरून नेमके किती गोल होतील याची शक्यता काढणाऱ्या सूत्राचं. एक्सेलमध्ये ते तयार मिळतं. प्रत्येक संघाचे ०, १, २, ३ गोल होण्याची शक्यता काढायची आणि सारख्या आकड्यांच्या जोड्या गुणून बेरीज करायची. वरच्या उदाहरणात ०-० ची शक्यता १४.५ टक्के, १-१ ची १३.५, २-२ ची ३.२ आणि ३-३ ची अगदी किरकोळ. एकूण सुमारे ३१.५. आता १०० ला ३१.५ ने भागा: ३.१७. बुकी यापेक्षा जास्त भाव देत असेल तरच पुढे जायचं. ३.४० मिळत असेल तर विचार करा, ३.०० असेल तर वही मिटा. सामना खरंच बरोबरीत सुटला तरी ३.०० ला लावणं चुकलेलंच असतं. हे भाच्याला पटायला फार वेळ लागला.

हेच सूत्र जरा फिरवून पाहा, म्हणजे बरोबरी कुठून येते ते कळतं. दोन्ही संघांची अपेक्षा प्रत्येकी १ गोलाची असेल तर शक्यता ३१ टक्के. प्रत्येकी १.२ असेल तर २८. प्रत्येकी १.६ असेल, म्हणजे दोघेही तोडीस तोड पण गोलांचा पाऊस पाडणारे, तर २३. एकाची २.२ आणि दुसऱ्याची ०.८ असेल तर जेमतेम १८. 'तुल्यबळ संघ म्हणजे बरोबरी' हे लोकांच्या तोंडचं वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. संघ तुल्यबळ हवेत आणि गोलही कमी हवेत. त्याच सामन्यात एकूण गोल अडीचपेक्षा कमी की जास्त, यावरही भाव निघतो. कमीचा भाव खाली असेल तर बाजारालाही कोरडा सामना अपेक्षित आहे.

सूत्रात एक उणीव आहे. ते दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र धरतं. प्रत्यक्षात १-१ झाल्यावर दोघेही सावध होतात, ०-० असताना शेवटच्या दहा मिनिटांत बचावपटू पुढे यायला धजत नाहीत. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमकी हीच दुरुस्ती सुचवली: ०-० आणि १-१ ची शक्यता थोडी वाढवायची, १-० आणि ०-१ ची थोडी घटवायची. घरगुती वापराला मी एखादा टक्का वाढवते, त्यापुढे जात नाही. एकदा हात सैल सोडला की प्रत्येक सामना 'लावण्यासारखा' दिसू लागतो.

पैज कुठल्या निकालावर आहे हेही लोक वाचत नाहीत. तीन रकान्यांचा भाव ९० मिनिटं अधिक भरपाईचा वेळ एवढ्यापुरता असतो. जादा वेळ आणि पेनल्टी त्यात धरत नाहीत. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोएत्सेने ११३ व्या मिनिटाला गोल केला आणि जर्मनी जिंकली. पण ९० मिनिटांना ०-० होतं, म्हणून पैसे बरोबरीवाल्यांना मिळाले आणि जर्मनीच्या विजयावर लावणारे कप उंचावलेला बघत हरले. २०२२ मध्ये अर्जेंटिना-फ्रान्स ९० मिनिटांना २-२. २००६ मध्ये १-१, २०१० मध्ये ०-०. २००६ ते २०२२ या पाच अंतिम सामन्यांपैकी फक्त २०१८ चा ठरलेल्या वेळेत निकाली निघाला. पाच सामन्यांवर नियम बसवू नका. पण बाद फेरीत दोन्ही संघ धोका पत्करायला कचरतात हे त्यात दिसतं, आणि भाव काढणाऱ्यांनाही ते दिसतं.

बरोबरी दोघांच्याही सोयीची असेल तेव्हा? याचं जुनं उदाहरण २००४ च्या युरो स्पर्धेतलं. शेवटच्या गट सामन्यात डेन्मार्क आणि स्वीडन २-२ किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटले तर दोघेही पुढे जाणार होते आणि इटली घरी. सामना २-२ सुटला, स्वीडनचा दुसरा गोल ८९ व्या मिनिटाला. इटलीत आरडाओरडा झाला, संगनमत मात्र सिद्ध झालं नाही. तक्ता बघून असे सामने हेरता येतात, पण तो तक्ता सगळ्यांच्याच समोर असतो. भाव आधीच आटलेला असतो आणि तुमच्या वाट्याला उरतं ते उष्टं. हंगामाच्या शेवटी एखाद्या किरकोळ सामन्यात बरोबरीचा भाव कारणाशिवाय कोसळताना दिसला तर त्या वाटेला जाऊच नका. तिथे कोणाला तरी काहीतरी माहीत आहे, आणि तो कोणीतरी तुम्ही नाही.

सामना चालू असतानाचे भाव हा वेगळा प्रांत. ०-० असेपर्यंत बरोबरीचा भाव दर मिनिटाला उतरतो. प्रत्येकी १ गोलाची अपेक्षा असलेल्या सामन्यात ७० मिनिटं कोरडी गेली, तर बरोबरीची शक्यता ६७ टक्क्यांच्या आसपास पोहोचते, म्हणजे रास्त भाव १.५. सुरुवातीला ३.४० ला लावलेलं इथे एक्स्चेंजवर, म्हणजे लावणारे आपसातच पैजा घेतात अशा बाजारात, खाता येतं, म्हणजे त्याच निकालाच्या विरुद्ध बाजूला उभं राहून थोडा नफा पक्का करता येतो. ऐकायला छान वाटतं. पण २० व्या मिनिटाला पहिला गोल झाला की भाव एकदम वर उडतो आणि खाण्यासारखं काही उरत नाही. या पद्धतीत वेगळा फायदा लपलेला नाही. मूळ ३.४० चांगला असेल तरच पुढचं सगळं चांगलं.

'ड्रॉ नो बेट' हा पर्याय नावाने फसवतो. तिथे तुम्ही संघावर लावता आणि सामना बरोबरीत सुटला तर रक्कम परत मिळते. हा विमा फुकट नसतो, त्याचा हप्ता कमी झालेल्या भावात भरलेला असतो.

क्रिकेटमध्ये आधी अनिर्णित आणि टाय वेगळे करा, कारण पैजेच्या नियमांत ते वेगळे आहेत. कसोटीत धावसंख्या बरोबरीत सुटल्याचे प्रसंग दोनच: १९६० ला ब्रिस्बेन आणि १९८६ ला मद्रास. टायचा भाव कितीही मोठा दिसला तरी तिकडे बघू नका. अनिर्णित कसोटीचं गणित गोलांवर नसतं, षटकांवर असतं. पाच दिवस, दिवसाला ९०, एकूण ४५०. एक पूर्ण दिवस पावसात गेला तर पाचवा हिस्सा वेळ गेला. हवामानाचा अंदाज मी खेळपट्टीच्या चर्चेआधी वाचते. अलीकडे फलंदाज इतक्या वेगाने धावा करतात की वाहून गेलेला एक दिवस पुरतोच असं नाही. उलट बाजूही आहे: जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला भारत ३११ धावांनी मागे होता आणि दुसऱ्या डावात शून्यावर दोन गडी गेले होते. पुढे गिल, जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी शतकं ठोकून सामना वाचवला. सपाट खेळपट्टी आणि शेवटच्या दिवशी थकलेले गोलंदाज, हे भावात उशिरा उतरतं. एकदिवसीय आणि टी-२० मध्ये टायवर लावायचं असेल तर सुपर ओव्हरचा निकाल धरतात की नाही ते नियमात आधी वाचा. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळेल.

बुद्धिबळात उलटी गंमत. अव्वल खेळाडूंच्या दीर्घ डावांत बरोबरी हाच नेहमीचा निकाल. २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआनाचे बाराही डाव बरोबरीत सुटले. भाव इतका खाली असतो की एक पराभव अनेक बरोबऱ्यांची कमाई गिळतो.

आता बरोबरीवाल्यांचा सगळ्यात लाडका सापळा. 'हा संघ कितीसे सामने बरोबरीशिवाय काढेल?' असं म्हणत प्रत्येक हरलेल्या पैजेनंतर रक्कम दुप्पट करायची. बरोबरीची शक्यता २८ टक्के धरली तर ओळीने दहा सामने बरोबरी न होण्याची शक्यता ३.७ टक्के, म्हणजे सत्तावीसात एकदा. वीस संघांच्या लीगमध्ये हे कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारच. १०० एककांपासून सुरुवात केलेल्या माणसाचे तोवर १,०२,३०० गेलेले असतात आणि अकराव्या सामन्यावर १,०२,४०० लावायचे असतात. आधीचे दहा निकाल अकराव्या सामन्याला माहीतही नसतात.

तीन बरोबऱ्या एकत्र बांधण्याचाही मोह होतो, कारण ३.४० तीनदा गुणला की ३९ चा भाव दिसतो. पण २८ टक्के तीनदा गुणले की २.२ टक्के होतात, आणि बुकीची पाच टक्क्यांची कमाई चौदाच्या घरात जाते. ब्रिटनमध्ये फुटबॉल पूल्सचा, म्हणजे आठवड्याच्या सामन्यांचे निकाल आधी कूपनवर भरून देण्याचा, खेळ १९२० च्या दशकापासून रुजला आणि पुढे त्यातलं मोठं बक्षीस आठ बरोबऱ्या हेरणाऱ्याला मिळू लागलं. बरोबऱ्या हेरणं किती अवघड आहे, हे खेळ मांडणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

किती लावायचं? जॉन केली यांचं १९५६ चं सूत्र मी वापरते. शक्यता गुणिले भाव, त्यातून १ वजा, आणि उत्तराला भाव वजा १ ने भागायचं. ३१.५ टक्के आणि ३.४० ला ते जवळपास ३ टक्के सांगतं. मी त्याचा चौथा हिस्सा घेते, म्हणजे पाऊण टक्का, कारण माझा ३१.५ चा आकडा प्रत्यक्षात २९ असू शकतो. हा पाऊण टक्का कशाचा? गेला तरी घरात कोणाला कळणारही नाही, अशा बाजूला काढलेल्या रकमेचा. उसनं घेऊन किंवा मागचं भरून काढायला लावायची वेळ आली असेल तर सूत्र बाजूला ठेवा आणि थांबा.

वहीत निकालाआधी तीन गोष्टी लिहा: तुमची शक्यता, मिळालेला भाव, आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव. तिसरा रकाना लोक टाळतात, आणि खरी परीक्षा तिथेच असते. तुम्ही ३.४० ला लावलं आणि सुरुवातीला तो ३.२० वर आला, असं वारंवार होत असेल तर तुमचं वाचन बरोबर आहे, मग ओळीने आठ सामने हरलात तरी. भाव ३.६० वर जात असेल तर संघ जाहीर झाल्यावर बाजाराला जे कळलं ते तुमच्या आकड्यांत नव्हतं. बहुधा बचावफळीतला एखादा नेहमीचा गडी बाहेर बसलेला असतो. अशा वेळी पुढच्या सामन्यांसाठी संघांची यादी लागेपर्यंत थांबून पाहा, आणि तिसऱ्या रकान्यातला फरक कमी होतो का ते तपासा.