फौजीच्या पोरांची कॉलेज फी कशी कमी करायची, पुण्यातल्यांसाठी

आधी एक गोष्ट बघा, वडील अजून नोकरीत आहेत का पेन्शनवर आलेत. सगळं त्यावर ठरतं. खडकी-वानवडीकडची बरीच मंडळी डायरेक्ट कॉलेजच्या खिडकीवर जाऊन 'आम्ही डिफेन्सवाले, डिस्काउंट किती' विचारतात आणि क्लार्क मान वर न करता 'तसं काही नसतं' म्हणतो. त्याचंही खोटं नाही, कॉलेज स्वतःच्या खिशातून क्वचितच काही सोडतं, पैसा येतो सरकारी स्कीममधून आणि तो आपणच मागायचा असतो.

दुसरं म्हणजे डिफेन्स कोटा आणि फी माफी यात गल्लत करू नका. सीईटीच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेत, डिफेन्स कोट्यातून सीट मिळते, फी तीच राहते. दिघीचं एआयटी, म्हणजे आर्मीचं इंजिनिअरिंग कॉलेज, तर आर्मीवाल्यांच्याच पोरांसाठी आहे, तिथंही फी भरावीच लागते.

वडील माजी सैनिक असतील तर पहिलं काम पीएमएसएस, म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान स्कॉलरशिप. मुलींना महिना 3000, मुलांना 2500, वर्षाचे एकदम खात्यात येतात. बारावीला किंवा डिप्लोमाला 60 टक्के पाहिजेत, कोर्स इंजिनिअरिंग-मेडिकलसारखा प्रोफेशनल पाहिजे, आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा, सेकंड इयरला जाग आली तर गाडी गेली. फॉर्म ऑनलाइन आहे पण माजी सैनिक असल्याच्या दाखल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सही-शिक्का लागतो, बोनाफाईड कॉलेजकडून, आणि बँकेचा दाखला वेगळा.

खरी डोकेदुखी नावाची. पार्ट टू ऑर्डरमध्ये (लष्कराच्या ज्या कागदावर कुटुंबाची नोंद असते त्यात) पोराचं नाव 'सुरज' आणि दहावीच्या मार्कशीटवर 'सूरज सुनील', एवढ्यावरनं फॉर्म परत येतो. रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे लष्कराच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून पोरगं अकरावीत असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनची ऑर्डर), आधार, मार्कशीट एका शेजारी एक ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, अॅडमिशनच्या गडबडीत हे होत नाही.

वडील अजून नोकरीत असतील तर पीएमएसएस मिळत नाही. मग महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल, उघडा, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते, आणि 2024-25 पासून प्रोफेशनल कोर्सला मुलींना पूर्ण. माजी सैनिकांच्या मुलांसाठी वेगळी शैक्षणिक सवलतही त्याच पोर्टलवर आहे.

शहीद किंवा लढाईत कायमचं अपंगत्व आलेल्यांच्या मुलांना ट्यूशन फी पूर्ण परत मिळते. 2017 ला त्यावर महिना 10,000 ची मर्यादा लावली होती, ओरड झाली, 2018 ला काढली. त्यांनी आधी रेकॉर्ड ऑफिसलाच विचारावं.

आता 'फौजींनाच का सवलत' हा प्रश्न येतोच. माझं मत, सरसकट नको, कर्नलच्या आणि नाईकच्या पोराला एकच माप लावायचं कारण नाही. पण शिपाई चाळिशीच्या आसपास घरी येतो, पोरं तेव्हा शाळेत, आणि पुढं सिक्युरिटीची नोकरी करून इंजिनिअरिंगची फी भरायची म्हणजे काय ते साताऱ्याकडच्या कुठल्याही फौजी घरात विचारा.

आणि हो, पीएमएसएस लागली तरी दरवर्षी 50 टक्के टिकवावे लागतात आणि रिन्यूअल स्वतः भरावं लागतं, तारीख कोणी फोन करून सांगत नाही.