आर्क्टिकमध्ये रेअर अर्थ शोधायचंय? मग आधी साक्रीत बसून एवढं करा

मे महिन्यात धुळ्यात पारा ४४ च्या पुढं सरकला की मला हमखास एखादा मेसेज येतो, दादा तुम्ही ग्रीनलँडला होते ना, ते रेअर अर्थ शोधायचं काम नेमकं कसं करतात, आपल्याला जमेल का. विचारणारी बहुतेक एमएस्सी जिऑलॉजीची पोरं, काही नुसती बातम्या बघून पेटलेली. मी दक्षिण ग्रीनलँडमध्ये दोन सीझन ज्युनियर म्हणून दगड फोडले, मालकबिलक नव्हतो, त्यामुळं शेअर कोणता घ्यावा ते विचारू नका. दगड कसा शोधायचा ते सांगतो.

पहिले डोक्यातून एक गोष्ट काढा, रेअर अर्थ म्हणजे दुर्मीळ नाही. १७ मूलद्रव्यं आहेत, १५ लँथनाइड आणि वर स्कँडियम, यट्रियम, त्यातलं प्रोमेथियम सोडलं तर बाकीची सगळीकडं थोडी थोडी आहेत, सिरियम तर जमिनीत साधारण तांब्याच्या बरोबरीनं असेल. आपल्या काळ्या दगडातही आहेत, पण पोतंभर तांदळात चार दाणे साखर टाकल्यासारखी, वेचणार कोण. एका जागी गोळा झालेली आणि पुन्हा अशा मिनरलमध्ये बसलेली, की ज्यातून ती बाहेर काढता येतात, अशी जागा शोधायची असते. हे दुसरं कलम लोक विसरतात आणि तिथंच पैसे बुडतात, त्यावर पुढं येतो.

आता सुरुवात घरून. खरंच घरून. तिकडं हेलिकॉप्टरचा एकेक तास मोजून वापरावा लागतो, त्यामुळं जे काम पंख्याखाली बसून होतं ते तिकडं जाऊन करणं म्हणजे मूर्खपणा. लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. सेंटिनल-२ आणि लँडसॅट या सॅटेलाइटच्या इमेज फुकट, उंचसखलपणासाठी आर्क्टिकडीईएम फुकट, ग्रीनलँड सरकारचं मिनरल रिसोर्सेस पोर्टल आहे त्यावर जुने नकाशे, सर्व्हे, कंपन्यांचे जुने रिपोर्ट मिळतात. जुने रिपोर्ट वाचायला कंटाळा करू नका, ज्या डोंगरावर तुम्ही नवीन म्हणून जाताय तिथं कुणीतरी आधीच येऊन हातोडा मारून गेलेलं असतं, आणि त्यानं काय बघितलं नाही तेच तुम्हाला बघायचं असतं.

नकाशावर शोधायचं काय? दोन जातीचे दगड. एक कार्बोनेटाइट, म्हणजे चुनखडीसारखा दिसणारा पण लाव्ह्याच्या वाटेनं खालून वर आलेला दगड. दुसरा अल्कलाइन जातीचा, नेफेलिन सायनाइट वगैरे, ज्यात सोडियम-पोटॅशियम भरपूर आणि सिलिका कमी. हे मॅग्मा थंड होताना रेअर अर्थवाले अणू नेहमीच्या मिनरलमध्ये बसत नाहीत, आकारानं मोठे पडतात, म्हणून ते शेवटपर्यंत उरलेल्या रसात गोळा होत जातात. उसाचा रस आटवत आटवत काकवी उरते तसं. वरून बघितलं तर असे दगड बऱ्याचदा गोल किंवा अंडाकृती दिसतात, रशियातलं कोला द्वीपकल्पावरचं लोवोझेरो आणि शेजारचं खिबिनी बघा सॅटेलाइटवर, डोळ्यात भरतं. ग्रीनलँडच्या दक्षिणेला नारसाकजवळ इलिमाउसाक आहे, साधारण ११६ कोटी वर्षांपूर्वीचं. (नारसाक खरं तर ६१ अंशाच्या आसपास, आर्क्टिक सर्कलच्या बरंच खाली, पण बातमीवाले सगळ्याला आर्क्टिकच म्हणतात, आपणही म्हणू.) स्वीडनचं किरुना मात्र पक्कं सर्कलच्या आत, तिथं लोखंडाच्या खाणीशेजारी अॅपटाइट नावाच्या फॉस्फेट मिनरलमध्ये दहा लाख टनांवर रेअर अर्थ ऑक्साइड असल्याचं जानेवारी २०२३ ला जाहीर झालं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की खाण चालू व्हायला १०-१५ वर्षं लागतील. हे वाक्य पेपरात शेवटच्या ओळीत येतं.

प्रॅक्टिस कुठं करायची, तर लांब जायची गरज नाही. नंदुरबारच्या धडगावकडून नर्मदेपलीकडं बघा, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबा डोंगर आहे, जगभरचे कार्बोनेटाइटवाले तो बघायला येतात आणि आपली पोरं शेजारी राहून गेलेली नसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचाच भाऊबंद, गोल रिंगण आहे, फ्लुओराइटची खाण आहे, रेअर अर्थची मिनरलंही सापडतात. तिथं जाऊन कार्बोनेटाइट आणि साधा चुनखडक यातला फरक हातात धरून शिका. अॅसिडचा थेंब दोन्हीवर फसफसतो, म्हणून नुसत्या अॅसिडवर विश्वास नाही, लेन्स लावून अॅपटाइट, मॅग्नेटाइट दिसतं का बघायचं, आजूबाजूचा दगड भाजल्यासारखा-बदलल्यासारखा झालाय का बघायचं. आणि स्ट्राइक-डिप (थर कोणत्या दिशेला पसरलाय आणि किती कललाय), मॅपिंग शिकायचं तर धुळे-नंदुरबारचे डाइक, म्हणजे भेगेत शिरून गोठलेला लाव्हा, आहेतच की, दोनशेच्या वर डाइक, भिंती बांधल्यासारखे पूर्व-पश्चिम पसरलेले. मी साक्रीकडचा, लहानपणी त्यांच्यावर शेळ्या चढवल्या आणि कॉलेजात गेल्यावर कळलं ते काय आहे.

कागदपत्रं. ग्रीनलँडमध्ये मिनरल लायसन्स अँड सेफ्टी अथॉरिटी आहे, तिच्याकडून लायसन्स घेतल्याशिवाय कंपनीनं हातोडा उचलायचा नाही. त्याहून महत्त्वाचं, २०२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेनं कायदा केला, की ज्या दगडात युरेनियम १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) वर आहे त्याचं प्रॉस्पेक्टिंग, एक्सप्लोरेशन, खाण, सगळं बंद. नारसाकच्या वरचा क्वानेफेल्डचा प्रकल्प त्यातच अडकला, कारण तिथलं मुख्य मिनरल स्टीनस्ट्रुपिन, त्यात रेअर अर्थबरोबर युरेनियम-थोरियम एकाच घरात राहतात. म्हणजे तुम्ही कितीही टक्का दाखवा, कायद्यात बसत नसेल तर तो नुसता डोंगर. २०२१ च्या तिथल्या निवडणुकीत हाच मुद्दा होता, गावातल्या लोकांनी धूळ आणि मेंढ्यांचं गवत यावरून विरोध केला. आपल्याकडं धरणग्रस्तांना विचारा, त्यांना लगेच समजेल. किरुनाकडं तिथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचे रेनडिअर चरायच्या वाटा आहेत, तिथंही तेच. आधी गावात जा, चहा-कॉफी प्या, काय करणार ते सांगा.

सीझन म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबरची सुरुवात, बस्स. जून-जुलैत पुरती अंधारी रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल, पहिल्या आठवड्यात मला झोपच यायची नाही, डोळ्यावर उपरणं बांधून झोपायचो. डास इतके की तापीकाठचे डास सज्जन वाटतील, डोक्यावर जाळी हवीच. अस्वल दक्षिणेला क्वचित, पण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांसारख्या ठिकाणी वस्तीबाहेर पडताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. सॅटेलाइट फोन, आतल्या खिशात बॅटऱ्या (थंडीत भसाभस उतरतात), आणि हेलिकॉप्टर आज येणार म्हणजे परवा येईल असं धरून जेवण. मी कळण्याचं पीठ आणि ठेचा नेला होता, डॅनिश कुकनं ठेचा जॅम समजून ब्रेडला लावला, पुढचं सांगत नाही.

कंपासवर आंधळा विश्वास नको. आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात जेमतेम एखाद अंशाचा फरक, तिकडं वीस-पंचवीस अंशही चुकू शकतं, त्यात मॅग्नेटाइटवाला दगड शेजारी असला तर सुई नाचते. हा फरक म्हणजे डेक्लिनेशन, तो कंपासवर सेट करा, जीपीएसशी ताडून बघा.

आता मुख्य शोध. रेअर अर्थ डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या संगतीला बऱ्याचदा थोरियम असतं आणि थोरियम गॅमा किरण सोडतं, म्हणून हातातला गॅमा स्पेक्ट्रोमीटर हे पहिलं हत्यार. तो पोटॅशियम, युरेनियम, थोरियम वेगवेगळे दाखवतो. दगडाच्या सपाट तोंडावर ठेवायचा, खबदाडात घुसवला तर चारी बाजूंनी किरण येऊन आकडा उगाच फुगतो. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, घाई करायची नाही. आणि ही किरणं वरच्या फूटभर दगडातूनच येतात, मॉस, चिखल, पाणी, बर्फ मध्ये असलं की यंत्र गप्प, त्यामुळं गप्प म्हणजे काही नाही असं समजू नका. उलट साधा ग्रॅनाइटही ओरडतो. थोरियम म्हणजे पाहुण्यांची चप्पल, दारात दिसली तरी आत कोण बसलंय ते बघावंच लागतं.

रंग ओळखायला शिका. इलिमाउसाकच्या क्रिंगलर्नेला काकोर्टोकाइट नावाचा दगड आहे, काळा-लाल-पांढरा असे पट्टे एकावर एक, गोधडीसारखे, त्यातला लाल म्हणजे युडियलाइट, रेअर अर्थवालं मिनरल, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. संध्याकाळी (म्हणजे घड्याळातली संध्याकाळ) अंधाऱ्या तंबूत यूव्ही लाइट मारला की टगटुपाइट लालभडक पेटतं, ते रेअर अर्थचं नाही, पण तुम्ही कोणत्या घराण्यात आलात ते सांगतं.

जिथं उघडा दगडच नाही तिथं बर्फानं आणलेले गोटे वाचायचे. नदीचा गोटा गोल असतो, हिमनदीचा गोटा कोपरे घासलेला, एखादी बाजू रंधा मारल्यासारखी सपाट. खालच्या खडकावर हिमनदीनं ओढलेल्या रेघा सापडतात, त्या रेघांच्या दिशेनं उलटं, म्हणजे बर्फ जिकडून आला तिकडं चालत जायचं, लाल दाण्याचे गोटे वाढत जातात, आणि जिथं एकदम बंद होतात त्याच्या आसपास मूळ दगड दडलेला. मी दीड दिवस चाललो आणि तो मूळ दगड नेमका तळ्याखाली निघाला. चालायचं.

सँपल घेताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुंदर दगड उचलणं. हात आपोआप लालेलाल तुकड्याकडं जातो आणि लॅबमधून असा आकडा येतो की वाटतं लॉटरी लागली. पूर्ण थराचं सरासरी सँपल घ्या, जमलं तर डायमंड करवतीनं सलग खाच पाडून. किमान दोन किलो. पिशवीवर नंबर लिहा आणि आत अॅल्युमिनियमचा टॅगही टाका. आमच्या पहिल्या सीझनला स्वस्तातले मार्कर आणले होते, तीन दिवस पाऊस लागला, ४० पिशव्या कोऱ्या झाल्या, आणि ज्यानं मार्कर घेतले तोच मला विचारतो हे कुठले दगड. सगळे फेकले. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणे, "इतला लांब जाईसन दगडच फोडात का रे भाऊ?"

पोर्टेबल एक्सआरएफ गन (दगडावर एक्स-रे मारून आतली मूलद्रव्यं दाखवणारं हातातलं यंत्र) मिळाली तर वापरा पण तिची लायकी ओळखून. लँथनम, सिरियम, निओडिमियम बऱ्यापैकी दाखवते, डिस्प्रोसियम-टर्बियमसारख्या जड मंडळींचा (रेअर अर्थमधली जास्त अणुभाराची) तिला पत्ता लागत नाही, म्हणून यट्रियमचा आकडा बघायचा, ते जडांच्या गटातच वावरतं. ओला दगड कमी दाखवतो, पुसून-वाळवून घ्या.

लॅबला पाठवताना फ्यूजन (दगडाची भुकटी वितळवून घेणं) करूनच आयसीपी-एमएस, म्हणजे मूलद्रव्यं मोजायची टेस्ट, सांगा. नुसत्या अॅसिडमध्ये झिरकॉन, झेनोटाइमसारखी चिवट मिनरलं पूर्ण विरघळत नाहीत आणि जड रेअर अर्थ मागं राहून जातात. दर वीस सँपलला एक स्टँडर्ड (आकडा आधीच माहीत असलेलं), एक ब्लँक (काहीच नसलेलं), एक डुप्लिकेट (तेच पुन्हा) घुसवा, लॅबला न सांगता. रिझल्ट आला की कॉन्ड्राइटच्या (एका जातीची उल्का) आकड्यांनी भागून ग्राफ काढा, युरोपियमपाशी खड्डा चालतो, बाकी रेघ गुळगुळीत यायला हवी, दातेरी आली तर लॅबला फोन करा. आणि मूलद्रव्याचा पीपीएम दुसऱ्या कंपनीच्या ऑक्साइडच्या टक्क्याशी थेट तोलू नका, आधी ऑक्साइड करा, निओडिमियमला १.१६६ नं गुणा, सिरियमला १.२२८ नं.

आता ते दुसरं कलम. टक्का चांगला आला म्हणून नाचू नका, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली, एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बघा की रेअर अर्थ कोणत्या मिनरलमध्ये आहेत. बॅस्टनेसाइट, मोनाझाइट, झेनोटाइम असेल तर जगाला ते फोडता येतं. लोवोझेरोला लोपाराइट आहे, ते रशियन लोक काढतात. युडियलाइटचं काम अवघड, युरेनियम कमी, जड रेअर अर्थ चांगले, अॅसिडमध्ये पटकन विरघळतंसुद्धा, पण विरघळताना सिलिकाची जेली होते, साबुदाण्याची खीर गार झाल्यासारखी, गाळणीतून काही खाली उतरत नाही. त्यावर उपाय शोधणं चालू आहे. म्हणून माझ्या मते ०.८ टक्क्याचं सोपं मिनरल हे २ टक्क्याच्या हट्टी मिनरलपेक्षा बरं, आमचे सीनियर यावर माझ्याशी भांडायचे, भांडू दे.

हे सगळं जमलं तरच ड्रिलिंग. एनक्यू साइजचा कोअर (ड्रिलमधून निघणारी दगडाची कांडी), ४७.६ मिलिमीटर जाडीचा, उत्तरेला जमीन गोठलेली असली की पाणी भोकातच जमतं म्हणून कॅल्शियम क्लोराइडचं मिठाचं पाणी गरम करून वापरतात. कोअर बॉक्स झोपायच्या तंबूपासून लांब ठेवा, थोरियमवाला दगड कापताना मास्क लावा, धूळ गिळू नका.

आणि या वर्षी काहीच करायला जमणार नसेल तर निदान दहा पॉवरची लेन्स घ्या आणि आंबा डोंगरला जाऊन या, पण दिवाळीनंतर, आधी गेलात तर कमरेएवढ्या गवतात दगड दिसत नाही आणि साप दिसतो.