मार्चमधलं गुलमर्ग: घड्याळ बर्फाचं, हॉटेलचं नव्हे

मार्चच्या उत्तरार्धात तीन-चार दिवस गुलमर्गला स्कीइंगसाठी जाणार असाल, तर दिवस हॉटेलच्या जेवणावर नाही, बर्फावर बेता. वसंतात निरभ्र रात्री बर्फ गोठून काचेसारखा टणक होतो. ऊन चढलं की वरचा थर दाणेदार, मऊ होतो. नवशिक्यांना उताराचा खरा आनंद मिळतो तो तेव्हाच, साधारण दहा ते साडेबारा. दुपारनंतर त्याचा पाणचट रबडा होतो, स्की रुततात, गुडघा पिरगळतो. म्हणजे पहाटे धावायचं कारण नाही, पण तीन वाजता 'अजून एक फेरी' नको.

म्हणूनच 'सगळं समाविष्ट' पॅकेजमध्ये दुपारचं जेवण कितपत उपयोगाचं, ते आधी तपासा. पैसे वसूल करायला भर बाराला डायनिंग हॉल गाठणारे आपणच! नाश्ता आणि रात्रीचं जेवण पुरतं. दुपारी खिशातली चिक्की चालते. भाड्याची स्की, बूट, प्रशिक्षक आणि गंडोलाचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, तिकीट यातलं काय धरलंय, हे लेखी घ्या. गंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. तिचा दुसरा टप्पा अफरवत डोंगरावर, जवळपास 3,950 मीटरपर्यंत जातो. तिथले उतार नवख्यांचे नव्हेत.

सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, बर्फावरून ऊन खालूनही भाजतं. आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या.