दांडगा बचाव आणि पंचांची शिट्टी: बास्केटबॉलमध्ये या चुका टाळा

'नुसता हात लागला, त्यात फाउल कसला?' ही बचावपटूंची नेहमीची तक्रार. हात हलकाच लागलेला असतो हे खरं, पण पंच धक्क्याचा जोर मोजत बसत नाहीत. एनबीएच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) नियमात कसोटी वेगळी आहे: हाताच्या स्पर्शामुळे समोरच्याचा वेग, चपळाई, तोल किंवा लय बिघडली का? नसेल बिघडली, तर स्पर्श सोडून देतात. बिघडली असेल, तर दोन बोटंही पुरतात. याउलट छातीवर छाती दणकन आदळली, पण बचावपटूने जागा आधीच धरलेली असली, तर फाउल आक्रमकाच्या नावावर लागतो.

कमरेवर हात ठेवून अडवणं

जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून शिकलेल्यांची ही सर्वात चिवट सवय. एकेकाळी कमरेवर हात ठेवून खेळाडूला हवं तिकडे वळवणं चालून जायचं. एनबीएने १९९४-९५ च्या हंगामात त्यावर मर्यादा आणल्या आणि २००४-०५ पासून अंमलबजावणी इतकी कडक केली की वेगवान गार्डना (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूंना) मैदान मोकळं झालं.

हात मुळात जातो का, तर पाय उशिरा पोहोचतात म्हणून. समोरच्याने पहिलं पाऊल टाकलं, बचावपटूची कंबर वळायला उशीर झाला, की हात आपोआप ब्रेकसारखा पुढे येतो. त्यामुळे नुसतं 'हात आवर' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, अंतर दुरुस्त करा. साधारण एक हात अंतर ठेवा, फार वेगवान खेळाडू असेल तर अर्धं पाऊल आणखी मागे. गुडघे वाकवून डोकं त्याच्या हनुवटीच्या खाली आणा. तो निसटलाच, तर बाजूला सरकत राहू नका. वळा, पळा आणि दोन पावलं पुढे जाऊन त्याची वाट अडवा. सरावात दोन्ही हातांत एकेक टेनिस बॉल धरून ३०-३० सेकंदांच्या फेऱ्या करा, पकडायची सोयच उरत नाही.

चेंडू काढतानाही वरून खाली चापट मारू नका. चेंडूला लागली तरी ती लांबून फाउलसारखीच दिसते. तळवा वर ठेवून खालून टिचकवा. चेंडूवर असलेला हात चेंडूचाच भाग मानला जातो, मनगट मात्र नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा: फ्री थ्रो रेषेच्या (फाउलनंतर मोफत शॉट घेतात ती रेषा) खाली, म्हणजे बास्केटच्या बाजूला, बास्केटकडे पाठ करून खेळणाऱ्याला कोपरापुढच्या हाताने टेकू देता येतो. तिथेही हात सरळ करून ढकललं की शिट्टी वाजलीच.

चार्ज घेण्यासाठी पुतळा होणं

चार्ज (आक्रमक येऊन धडकला म्हणून त्याच्यावर लागणारा फाउल) मिळवायला बचावपटू स्थिर उभा असलाच पाहिजे, हा गैरसमज प्रशिक्षकांमध्येही सापडतो. योग्य जागा आधी धरली असेल तर मागे किंवा बाजूला सरकता येतं. आक्रमकाने शॉटसाठी चेंडू वर न्यायला सुरुवात केल्यावर त्याच्या वाटेत शिरलात तर मात्र ब्लॉकिंग, म्हणजे फाउल तुमच्यावर. मदतीला धावून आलेल्या बचावपटूला बास्केटखालच्या ४ फूट त्रिज्येच्या कमानीत चार्ज मिळत नाही, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांत ही त्रिज्या १.२५ मीटर आहे. कमानीत सापडलात तर जागच्या जागी सरळ वर उडी घ्या. हात कानांच्या रेषेत ठेवा. ते पुढे कलले, की छाती कितीही शांत असली तरी फाउल तुमचाच.

शूटरच्या पायाखाली पाय

ही चूक फाउलपुरती थांबत नाही, घोटा जातो. २०१७ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स (एनबीएचा पश्चिम गट) अंतिम फेरीतल्या पहिल्या सामन्यात बचाव करणाऱ्या झाझा पाचुलियाच्या पायावर उतरल्याने शॉट मारणारा कवाय लेनर्ड उरलेल्या मालिकेला मुकला. पुढच्या हंगामापासून अशा धोकादायक क्लोजआउटचा (शूटरला अडवायला त्याच्याकडे धावत जाणं) व्हिडिओ पाहून पंच फाउल 'फ्लॅग्रंट'पर्यंत, म्हणजे गंभीर फाउलपर्यंत, वाढवू लागले. अनावश्यक संपर्क असेल तर फ्लॅग्रंट १, अनावश्यक आणि अतिरेकी असेल तर फ्लॅग्रंट २, म्हणजे थेट बाहेर. एका सामन्यात फ्लॅग्रंट १ दोनदा झाला तरी बाहेरच.

पूर्ण वेगाने धावत जाऊन शेवटी उडी मारणं, इथे गडबड होते. पहिलं अंतर पळा, शेवटची दोन-तीन पावलं आखूड घ्या, नितंब खाली, एक हात वर. शूटरला उतरायला जागा सोडून त्याच्या बाजूने पुढे निघून जा.

'पंच सगळेच फाउल थोडेच देणार?'

या भरवशावर अख्खा संघ दांडगाई करतो तेव्हा हिशेब असा होतो. एनबीएचा क्वार्टर १२ मिनिटांचा. पहिल्या चार मिनिटांत चार सांघिक फाउल झाले, की उरलेली आठ मिनिटं शॉट नसतानाचा साधा बचावात्मक फाउलही दोन फ्री थ्रो देऊन जातो. खेळाडूला सामन्यात सहा फाउल मिळतात, फिबात पाचच. वेगवान चढाई मुद्दाम पकडून थांबवणंही २०२२-२३ पासून महागलं आहे: एक फ्री थ्रो आणि चेंडू पुन्हा चढाई करणाऱ्या संघाकडेच.

प्रशिक्षकाचं चॅलेंज (पंचांचा निर्णय व्हिडिओवर तपासायची मागणी) हाताच्या स्पर्शावर वाया घालवू नका. लय बिघडली की नाही हा पंचांच्या नजरेचा प्रश्न, त्यावर निर्विवाद पुरावा क्वचित मिळतो आणि चॅलेंज हरलात तर टाइमआउटही जातो. पाय कमानीच्या आत होता की बाहेर, चेंडू शेवटी कोणाला लागला, असं व्हिडिओत स्पष्ट दिसणारं काही असेल तरच ते वापरा.