जुनी गाडी घेतलीत? रिकॉल आधी तपासा
वडोदऱ्यात जुनी गाडी घेतली की आरसी बुकावरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या (दोष सापडल्यावर कंपनी गाड्या फुकट दुरुस्तीला परत बोलावते, त्याच्या) पानावर टाका. त्या नंबरात इंग्रजी आय, ओ, क्यू नसतात. तसं काही दिसलं तर ते १ किंवा शून्यच असतं. रिकॉलचं पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, म्हणून तुम्हाला त्याची खबरच नसते. काम बाकी निघालं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून पार्ट आलाय का विचारा, नाहीतर फुकटची चक्कर. जॉबकार्डावर रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या, बिल शून्य हवं. ताकाता या जपानी कंपनीची एअरबॅग असेल तर अजिबात टाळू नका: उष्णता-दमटपणाने इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) रसायन बिघडतं, एअरबॅग उघडताना तो फुटून धातूचे तुकडे उडू शकतात.